सेल्फ उचलत नाही

खालून 'टक्' असा आवाज आला आणि त्याचा दाढीचा ब्रश गालावरच थांबला. एकच टक्. त्याच्यामागून घरघर नाही, कण्हणं नाही, काही नाही. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा टक्. अर्धा चेहरा फेसाने माखलेला, तसाच तो खिडकीशी गेला आणि पडदा बोटभर सरकवून त्याने खाली पाहिलं. त्याच्याच दुकानाच्या बंद शटरसमोर मेव्हण्याचा पिकअप उभा होता. मागच्या हौद्यात त्याच्या बायकोचं सामान: लोखंडी पेटी, शिवणाचं मशीन, दोरीने आवळलेल्या दोन गाद्या, चादरीत गुंडाळून उभा केलेला एक आरसा. पुढच्या सीटवर बायको बसलेली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मेव्हणा स्टिअरिंगवर ओणवून किल्ली फिरवत होता. बॅटरी उतरली की काय हे बघायला त्याने हेडलाइट लावले होते आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर, सकाळच्या उजेडातसुद्धा, दोन पिवळे गोल स्वच्छ दिसत होते. किल्ली फिरली, टक् झालं, गोल जराही मंद झाले नाहीत. एकतीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या माणसाला एवढं पुरे होतं. बॅटरी ठणठणीत. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी ती मोटर, तीही शाबूत. वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं आणि तिची परतीची वाट म्हणजे इंजिनापासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, गेलेली तांब्याच्या विणीची चपटी पट्टी, अर्थची पट्टी. मेव्हण्याची रोपवाटिका, गाडी वर्षभर माती नि कुंड्या घेऊन खड्ड्यांतून खडखडत असते. पट्टीचा नट ढिला झाला असणार. तेरा नंबरचा पाना आणि अर्धा मिनिट. तो आरशासमोर परत आला, राहिलेल्या गालाला त्याने सावकाश फेस लावला आणि ब्लेड बदललं. घाई कसलीच नव्हती.

चार दिवसांपूर्वी, दुपारी जेवताना, ती म्हणाली होती, "मी भावाकडे जाते. राहायला." तो म्हणाला, "किती दिवस?" तर ती म्हणाली, "राहायला म्हटलं मी." तिने ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की त्याने आधी पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि मगच त्याला ते कळलं. आदल्या रविवारी एका नातलगाकडे लग्न होतं. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या गोल करून बायका बसल्या होत्या, आणि त्याच्या एका चुलत मावशीने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, त्याच्या दंडावर हात ठेवून म्हटलं होतं, "तू म्हणून हिला नांदवलंस रे. दुसरा असता तर मूल नाही म्हणून केव्हाच दुसरी आणली असती." आणि तो म्हणाला होता, "असू दे हो, मावशी." नेहमीसारखं. मान जरा खाली घालून, आवाज जरा उतरवून. बायको तिथेच, चार हातांवर, कुणाच्या तरी बाळाचं टोपडं बांधत होती. जेवताना ती म्हणाली, "तुमचं ते असू दे आता मला ऐकवत नाही. तीस वर्षं झाली, तुम्ही मला रोज माफ करताय. कंटाळले मी. मूल झालं नाही हे मी केव्हाच गिळलं, पण ही तुमची माफी काही घशाखाली उतरत नाही." त्याने ताटातलं सगळं संपवलं. हात धुताना त्याच्या लक्षात आलं की तिला काहीच माहीत नाही. अजूनही नाही. ती नुसती चाचपडत दाराशी आली होती. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. वाटला तो एक चोरटा, गुबगुबीत आनंद.

तो खाली उतरला तेव्हा बॉनेट उघडलेलं होतं आणि समोरच्या दुकानातला टेलर, गळ्यात टेप तसाच, इंजिनात डोकावून मत देत होता. मेव्हणा ओशाळला होता. बहिणीला तिच्या घरातून घेऊन जायला यायचं आणि दारातच गाडी रुसायची, त्याला बिचाऱ्याला तोंड कुठे लपवावं ते कळेना. तो बायकोपेक्षा आठ वर्षांनी लहान, रोपांत वाढलेला मवाळ माणूस, मोठ्याने बोलणं त्याला कधी जमलंच नाही. "भाऊजी, बघा ना," तो म्हणाला, "सेल्फच उचलत नाही. काल रात्रीपर्यंत एकदम व्यवस्थित होती." "बॅटरी असेल," टेलर म्हणाला. त्याने दोघांकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. पट्टी खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला, वरून दिसत नव्हती. "असेल," तो म्हणाला. "बॅटरीही असू शकते." आणि त्याने शटर अर्धं वर केलं, दुकानातली चार्ज करून ठेवलेली बॅटरी स्वतः उचलून बाहेर आणली आणि मेव्हण्याच्या पायाशी ठेवली. "घे, ही लावून बघ."

मेव्हण्याला बॅटरी बदलायची सवय नव्हती. कोणती तार आधी काढायची इथपासून त्याची सुरुवात. तो स्वतः खुर्ची टाकून दुकानाच्या उंबऱ्यात बसला आणि नुसतं पाहत राहिला. पाना निसटला, मेव्हण्याची बोटं टर्मिनलवर आपटली, त्याने ती तोंडात घातली आणि परत कामाला लागला. कुणाला चुकीच्या ठिकाणी मन लावून काम करताना पाहणं, आणि बरोबर ठिकाण आपल्या एकट्यालाच ठाऊक असणं: ही चव त्याच्या जुन्या ओळखीची होती. पहिल्यांदा ती घेतली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. लग्नाचं तिसरं वर्ष. एका चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक तपासणी केंद्र होतं, तिथे तो कामावर जाता जाता एकटाच जाऊन आला होता. खरं तर शंका नकोच म्हणून, आपलं सगळं ठीक आहे असा एक कागद खिशात असावा म्हणून. चार दिवसांनी कागद मिळाला. तिथल्या डॉक्टरने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हे बघा, तुमच्या बाजूने मूल होणं शक्य नाही. उपाय आहे असं मी सांगणार नाही. मिसेसना घेऊन या, आपण बोलू." तो हो म्हणाला. जिना उतरला. खाली काचेत चष्म्यांच्या रांगा लावलेल्या, एकाही चष्म्यामागे डोळे नाहीत. त्या दिवशी त्याने एका गाडीचं सगळं वायरिंग उपसून पुन्हा भरलं, गरज नसताना.

नवी बॅटरी बसली. मेव्हण्याने किल्ली फिरवली. टक्. "म्हणजे बॅटरी नाही," टेलर म्हणाला, जणू त्यानेच हे शोधून काढलं होतं. "ढकलून बघू या." त्याने स्वतः गल्लीकडे पाहिलं. गाडीचं तोंड चढाकडे, हौद्यात संसार भरलेला. "बघा," तो म्हणाला. मेव्हण्याने उघड्या दारातून एक हात स्टिअरिंगवर ठेवून आणि टेलरने मागून, दोघांनी खांदे लावले. तोही उठला, शिष्टाचार म्हणून त्याने एक हात लावला. बायको गाडीतून उतरली, ढकलू लागली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचा हात त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर, पत्र्यावर, नखं कापलेली, अंगठ्यावर सुईच्या टोचण्यांचे जुने डाग. गाडी पाच-सहा हात चढली आणि त्यांच्या अंगावर परत आली. पुन्हा चढली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा मेव्हण्याची चप्पल तुटली. बायकोला धाप लागली होती. ती कपाळ पुसून पुन्हा आत जाऊन बसली, पर्स मांडीवर घेऊन, आणि काचेतून समोरच्या भिंतीकडे पाहू लागली. तिच्या मानेवर घामाने केस चिकटले होते. ऑपरेशनच्या वेळीही असेच चिकटले होते.

तेव्हा पाचवं वर्ष होतं. मधल्या दोन वर्षांत तिच्या तपासण्या झाल्या होत्या; गोळ्या, इंजेक्शनं, तारखा लिहिलेलं कॅलेंडर, पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून भिंतीकडे तोंड करून झोपलेली ती. कुठे काही सापडत नव्हतं. सापडणार कसं. एका दवाखान्यात त्याचीही तपासणी करायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "माझी झालीय, नॉर्मल आहे," आणि डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं. कागद मागितला नाही. मग दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरला तिच्या पोटात काहीतरी बारीकसं दिसलं, असेलही, नसेलही, उघडून पाहिलं पाहिजे म्हणाला. त्याने सहीच्या जागी सही केली. त्याचं अक्षर चांगलं होतं. बाहेर बाकावर तीन तास बसला असताना त्याला वाटलं होतं की आता उठावं, दार ठोठावावं, थांबा म्हणावं. पाय उठेनात असं काही झालं नाही. पाय चांगले होते, तो मध्येच उठून चहाही पिऊन आला. संध्याकाळी ती शुद्धीवर आली, ओठ सुकलेले, आणि पहिलं वाक्य बोलली ते, "माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास." त्याने तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि म्हणाला, "असू दे." नर्सने त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी पाहिलं ते डोळे त्याला नंतर कित्येक वर्षं पुरले. तेवढ्या दोन शब्दांत तो एका रात्रीत मोठा माणूस झाला होता.

"सेल्फ काढावा लागेल बहुतेक," तो आता मेव्हण्याला म्हणाला. दहा वाजून गेले होते. ऊन भिंतीवरून उतरून गाडीच्या काचेवर आलं होतं. "काढू? मला येईल का, भाऊजी?" "येईल की. मी आहे ना. खाली झोप, मी सांगतो." मेव्हण्याने पोतं अंथरलं आणि तो गाडीखाली सरकला. वरून सूचना: तो डावीकडचा बोल्ट, तो नाही, त्याच्या मागचा; जोर लाव, अरे जोर लाव, रोपटं उपटतोयस का. टेलर हसला. मेव्हणाही खालून हसला, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. गंजाचा भुगा त्याच्या डोळ्यांत गेला. एका बोल्टवरून हात असा काही सटकला की मनगटाजवळची कातडी सोलून निघाली. तो बाहेर येऊन रक्त पाहत राहिला, मग रुमाल गुंडाळून परत आत गेला. पट्टी त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर लोंबत होती. त्याने नुसती मान वळवली असती तरी दिसली असती. पण जिकडे बघायला सांगितलं होतं तिकडेच तो बघत होता. बायकोची तीच तऱ्हा होती, असं वरून सांगणाऱ्याच्या मनात आलं. या घराण्याची तीच तऱ्हा. सांगितलं तिकडे बघतात.

आईने मात्र न सांगता पाहिलं होतं. त्याची पँट धुवायला घेताना तिला त्या तपासणीच्या कागदाचा लिफाफा सापडला. ती शिकलेली नव्हती फारशी, पण कागद कशाचा आहे हे विचारण्याइतकी होती. स्वयंपाकघरात खाली बसून ती भाजी निवडत होती, तो दारात उभा, बायको बाहेर कुठेतरी गेलेली. त्याने सांगितलं. आईने सगळी जुडी निवडून संपवली. मग देठं कागदात गोळा करत म्हणाली, "तिला सांगितलंस?" "नाही." "मग नको सांगूस." आणि लिफाफा त्याच्या हातात देऊन, "हे नीट ठेव. कुणाच्या हाती लागायला नको." बस एवढंच. पण त्याच संध्याकाळपासून आईचा सुनेशी बोलण्याचा सूर बदलला. आधी ती बरी होती तिच्याशी. त्या दिवसापासून शेजारीण आली की मुद्दाम नातवंडांचा विषय, सून समोर आली की उसासा, कुणाचं बारसं-बिरसं ठरलं की "तू नको येऊस, उगाच त्या बाळंतिणीला." त्याला सुरुवातीला वाटलं आई विसरली की काय. विसरली नव्हती. ती लेकाला झाकत होती, अंगावरचं पांघरूण घट्ट ओढून घ्यावं तशी, आणि पांघरूण दुसऱ्या कुणाच्या अंगावरून ओढलं जातंय याचं तिला काही नव्हतं. शेवटचे चौदा महिने ती अंथरुणावर होती. तिचं सगळं बायकोने केलं. कूस बदलणं, पुसणं, भरवणं. एकदा त्याने दारातून पाहिलं, आई भरवणाऱ्या हाताकडे टक लावून बघत होती, बोलेल की काय असं तिचं तोंड झालं होतं. मग तिने ते घासासाठी उघडलं.

सेल्फ निघाला, त्याने तो बाकावर ठेवून दोन तारा लावून फिरवून दाखवला. तो मजेत गरगर फिरला. "चांगलाय हा," तो म्हणाला. "बसव परत." मेव्हण्याने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ग्रीस, रक्त, आणि काहीतरी चुकतंय पण विचारायचं कसं अशी एक नजर. मग तो पोत्यावर परत आडवा झाला. साडेअकरा झाले होते. टेलरला गिऱ्हाईक आलं म्हणून तो रस्ता ओलांडून गेला. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि बायको उतरून त्याच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. चार दिवसांत पहिल्यांदा इतक्या जवळ. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे."

रस्ता, शटर, टेलरच्या दुकानातली मशीनची खटखट, सगळं एकदम दूर गेलं. "काय?" तो म्हणाला.

"गाडीला काय झालंय ते. तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे."

त्याने श्वास सोडला. तो सुटताना त्याचा त्यालाच ऐकू आला. "बघतोय ना अजून."

"तुम्ही बघत नाही आहात. खरोखर शोधत असलात की तुम्ही जीभ दाताखाली धरता. सकाळपासून एकदाही धरली नाहीत." ती भावाच्या गाडीखालून बाहेर आलेल्या पायांकडे पाहत होती, एका पायात तुटकी चप्पल सुतळीने बांधलेली. "त्याने काय केलंय तुमचं? मला काय करायचं ते करा, त्याला कशाला?"

तो उठला. दुसरं काय करणार. मेव्हण्याने सेल्फ बसवून बोल्ट आवळल्यावर त्याने त्याला गाडीत बसायला सांगितलं, "मी फिरव म्हटलं की किल्ली फिरव," आणि स्वतः गाडीखाली गेला. तेरा नंबरचा पाना त्याच्या शर्टाच्या खिशात होता, सकाळी खाली उतरतानाच टाकलेला. पट्टी सापडायला काही लागलं नाही. नट दोन आटे सैल. त्याने तो चिमटीत धरून फिरवला, बोटांनी जितका बसेल तितका बसवला, आणि हात पान्याकडे गेला. तिथे तो थांबला. नाकासमोर गाडीचं पोट होतं, तेलाचा एक थेंब जमत होता आणि पडत नव्हता. मेव्हणा मघाशी बोलता बोलता म्हणाला होता की डिझेल पाव टाकीच आहे, हायवेला लागल्यावरच्या पंपावर भरून घेऊ. म्हणजे दीड तास. दीड तास खडखड, मग पंप, पंपावर इंजिन बंद करायला लावतात. त्याने पाना खिशात राहू दिला. "फिरव," तो म्हणाला, आणि त्याच्या डोक्यावर इंजिन धडधडून जागं झालं.

टेलर रस्त्यापलीकडून म्हणाला, "हात लागायचा अवकाश होता." मेव्हणा तर इतका हरखला की उतरून त्याने दोन्ही हातांनी त्याचा काळा हात धरला. "काय होतं, भाऊजी?" "किरकोळ." बायको पुढच्या सीटवर बसलेली होती. त्याने तिच्या बाजूची काच बोटाने वाजवली नाही, तिने खाली केली नाही. गाडी चढ चढून वळली. दोरीचं एक टोक हौद्याबाहेर राहिलं होतं, ते वळणावर हललं आणि दिसेनासं झालं.

तो वर गेला, हात धुतले, फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसला. घर मोठं वाटत नव्हतं, रिकामंही वाटत नव्हतं. शिवणाच्या मशीनच्या जागी फरशीवर चार ठिकाणी रंग वेगळा होता, तेवढंच. त्याला वाटत होतं ते नुसतं वाट पाहण्याचं सुख. आता नदीवरचा पूल. आता टोलनाका. आता पंप, मागे लागलेल्या गाड्या, हॉर्न, मेव्हण्याचा घामाघूम चेहरा, आणि मग दुसरा मार्गच नाही. फोन करावाच लागेल. तिला करावा लागेल. मेव्हणा आज परत विचारायचं धाडस करणार नाही. तिने विचारावं, त्याने सांगावं किंवा सांगू नये. एवढी एक तार अजून जोडलेली होती. एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. त्याने चार वेळा वाजू दिला.

"गाडी परत तसंच करतेय," ती म्हणाली. मागे हॉर्न, कुणाचं तरी ओरडणं. "कुठली तार होती ती सांगा."

"त्याला दे फोन."

"तो ढकलायला माणसं बघतोय. मला सांगा, मी बघते."

"तुला काय कळणार."

"सांगा."

त्याने खुर्ची मागे घेतली. तोंडात उत्तर तयार होतं: परत ये. ते त्याने जिभेवर घोळवलं, आणि त्याला समजलं की ती येणार नाही. गाडी तिथेच टाकून, आरसा डोक्यावर घेऊन चालत जाईल, पण येणार नाही. आज नट, उद्या ती दुसऱ्या कुणाकडून तो आवळून घेईल, आणि मग त्याच्याकडे तिला लागेल असं काही उरणार नाही. नाही कसं? एक होतं. सत्तावीस वर्षं सांभाळलेलं. ते तिच्याशिवाय कुणाच्या कामाचं नव्हतं, आणि ती चालली होती. ऐकून ती तिथेच पंपावर बसेल, त्याला वाटलं. रडेल, भांडायला तरी परत येईल. पश्चात्तापाने माणसं असं सांगतात हे त्याला माहीत होतं, आणि आपल्याला तसं काही होत नाहीये हेही.

"तुझ्यात काही दोष नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"मूल न होण्याबद्दल बोलतोय. तुझ्यात काही नव्हतं. माझ्यात होतं. माझ्याकडे कागद आहे."

पंपावरचे आवाज तसेच चालू राहिले. कुणीतरी कुणाला गाडी मागे घे म्हणत होतं. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज कापडाचं माप विचारावं तसा होता. "कधीचा कागद?"

"लग्नाच्या तिसऱ्या वर्षीचा."

"ऑपरेशन पाचव्या वर्षी झालं."

"हो."

"सही तुम्ही केलीत."

"हो."

पुन्हा हॉर्न. "आईंना माहीत होतं?"

हा प्रश्न त्याच्या हिशेबात नव्हता. नाही म्हणता आलं असतं. मेलेल्या माणसाला वाचवायला किती लागतं. पण त्याला एकदम वाटलं, एकट्यानेच का, तीही असू दे यात. "हो," तो म्हणाला. "माझ्याइतकंच."

त्याने फोन कानावर घट्ट दाबला. आता. आता ते येईल, हुंदका, शिवी, किंचाळी, काहीही; तो त्यासाठी ताठ बसला होता, दार उघडून उभं राहावं तसा. तिने एकदा श्वास आत घेतला, तो बाहेर सोडलेला त्याला ऐकू आला नाही.

"बरं," ती म्हणाली. "आता तार कुठली ते सांगा. मागे गाड्या खोळंबल्यात."

त्याने सांगितलं. दुसरं काही सुचेनाच. डाव्या अंगाने खाली जायचं, गिअरबॉक्सच्या बाजूला तांब्याची चपटी पट्टी, तिच्या टोकाला नट. तेरा नंबरचा पाना. सीटखालच्या डब्यात असेल. हाताने नाही, पान्याने आवळायचा, पूर्ण. ती मध्येमध्ये हं म्हणत होती. तिने ते सगळं भावाला जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न गाळता. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. पावलं. धातूवर धातू, एकदा, दोनदा. मग किल्ली, आणि इंजिन, पहिल्याच फेरीला. दार लागलं, दुसरं दार लागलं, आणि चाकांखालचा रस्ता ऐकू येऊ लागला. ती फोन बंद करायला विसरली होती. त्याने कानापासून हलवला नाही.

"बरं झालं भाऊजींना विचारलंस," मेव्हण्याचा आवाज आला. "माणूस काय आहे. एवढं झालं तरी फोनवर नीट सांगितलं." तो फोन कानाशी धरून थांबला होता, ती आता भावाला सांगेल म्हणून. सांगेल आणि मग त्या गाडीत आपलं नाव काढून दोघं बोलतील, शिव्या देतील, आपण तिथे असू. रस्ता चालला होता. काहीतरी मोठं वाहन शेजारून गेलं. "काच वर कर," ती म्हणाली, "धूळ येतेय." मग मेव्हणा म्हणाला, "हात बघ जरा माझा, जास्त लागलंय का?" आणि ती म्हणाली, "दाखव. नाही, वरवरचं आहे. घरी गेल्यावर स्वच्छ धुऊ." मग बराच वेळ नुसती चाकं. मग मेव्हण्याने भूक लागली का विचारलं आणि तिने लागलीय म्हणून सांगितलं. खूप, असंही म्हणाली.

"ताई, तो फोन चालू दिसतोय गं तुझा," मेव्हणा म्हणाला. खरखर झाली, फोन उचलला गेला, तिचा श्वास एकदम जवळ आला, इतका जवळ की त्याने आपला रोखून धरला. "भाऊजी आहेत का अजून? दे, आभार मानतो."

"कुणी नाहीये," ती म्हणाली, आणि बंद केला.